उकळी येऊ द्यायची नाही

मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर नाताळच्या बाजारातल्या शाळेच्या टपरीसाठी कामांची यादी आली तेव्हा मी मीटिंगमध्ये अडकले होते. सुटून बघते तर सोपी कामं गेलेली. वॉफल भाजणं, केक कापणं, कप विसळणं, गल्ल्यावर बसणं, सगळ्यांसमोर नावं. एकच ओळ मोकळी होती: ग्ल्यूवाइन (मसाला घालून गरम केलेली वाइन), शनिवार, दुपारी दोन ते रात्री आठ.

मी नाव टाकलं. न टाकून सांगते कोणाला? चौथीची सहल याच पैशातून निघते.

आम्ही राहतो ते गाव जर्मनीत, हाइलब्रॉनच्या जवळ, नेकार नदीच्या खोऱ्यात. चहूकडे उतारांवर द्राक्षाच्या बागा. दर डिसेंबरात, नाताळाआधीच्या दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, चर्चसमोरच्या चौकात छोटा बाजार भरतो. पंधरा-वीस लाकडी टपऱ्या, त्यातली एक शाळेची. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे भरलाच नाही, तेव्हा लोकांना काय चुकचुकल्यासारखं झालं होतं ते मी पाहिलंय. मोठ्या शहरांचे बाजार फार जुने. ड्रेस्डेनचा १४३४ पासूनचा, आमच्या जवळच्या श्टुटगार्टच्या बाजाराची नोंद १६९२ सालची. आमचा बाजार तसा कालपरवाचा. पण ग्ल्यूवाइन सगळीकडे तीच: तांबडी वाइन, दालचिनी, लवंग, बाद्यान, संत्र्याची साल, साखर. ‘ग्ल्यूएन’ म्हणजे निखाऱ्यासारखं रसरसणं. नाव अगदी चपखल आहे. कप हातात धरला की आधी बोटं जिवंत होतात, चव नंतर.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं.

“अगं, म्हणजे तू तिथे दारूचं दुकान लावणार?”

“दुकान नाही गं. शाळेसाठी आहे.”

“शाळेसाठी दारू?”

यावर काय बोलणार! आमची बाग दिंडोरीला. थॉमसन, सोनाका, खायची द्राक्षं. घरात गोडी छाटणी, डिपिंग, थिनिंग हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन, पण वाइनची बाटली घरात कधी आली नाही. पुढे नाशिकच्या आसपास वायनरी झाल्या, रस्त्यावर पाट्या लागल्या, तरी बाबांचं मत कायम होतं: द्राक्ष खायचं, फार तर बेदाणा करायचा. सडवायचं कशाला?

पहिल्यांदा ग्ल्यूवाइन प्यायले ती २०१६ साली श्टुटगार्टला. तिथल्या टपऱ्यांची छपरं बघण्यासारखी असतात, त्यांच्यावर अख्खे देखावे मांडलेले असतात. मी वर बघत चालत होते आणि नवऱ्यानं हातात कप दिला. पहिला वास आला तो आजीच्या काढ्याचा. दालचिनी, लवंग, काहीतरी आंबट-गोड. मी डोळे मिटून एक घोट घेतला, आणि दुसऱ्या घोटाला कळलं की काढ्याला असा मागून हळूच डोक्याकडे जाणारा रस्ता नसतो.

तर त्या काढ्याच्या आठवणीनंच मला फसवलं.

बाजाराला तीन आठवडे होते. म्हटलं, आधी घरी एक लिटर करून बघू. सुपरमार्केटातून त्यातल्या त्यात महागाची वाइन आणली, लाकडी पिंपात मुरवलेली. स्वस्तातली वापरून लोकांना काय पाजायचं, हा आपला विचार. दालचिनी, लवंग, बाद्यान तव्यावर जरा गरम केलं आणि मिक्सरला फिरवलं, कारण मसाला म्हटला की हात आपोआप मिक्सरकडे जातो. संत्र्याच्या सालीसकट चकत्या केल्या. सगळं पातेल्यात घालून गॅस मोठा केला, आणि उकळी फुटल्यावर समाधानानं आच कमी करून दहा मिनिटं तसंच रटरटू दिलं. चहा असो, सार असो, काढा असो, आमच्याकडे उकळी येईपर्यंत पदार्थ कच्चाच मानतात. आई तर म्हणायची, आधण नीट आलं नाही तर त्या चहाला चहा म्हणू नये.

जे तयार झालं ते गाळलं तरी गाळलं गेलं नाही. मलमलच्या फडक्यातून दालचिनीची पूड खाली उतरली आणि कपाच्या तळाशी चिखल बसला. रंग तपकिरी. चव कडू, तुरट, जिभेवर पापुद्रा आल्यासारखी. नवऱ्यानं दोन घोट घेतले, विचार केला आणि म्हणाला, “घशाला मात्र बरं वाटतंय हं.”

दुसऱ्या दिवशी मी वरच्या आजींचं दार वाजवलं.

वरच्या आजी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या यजमानांची गावाबाहेरच्या उतारावर बाग होती, ती आता भाच्याकडे आहे. जर्मनमध्ये त्यांनी मला कधीच ‘तू’ म्हणायची परवानगी दिली आहे, आणि मी म्हणतेही. पण मराठीत त्यांचं बोलणं लिहायला घेतलं की लेखणी ‘तुम्ही’वरच जाते. आपल्या आजीला आपण तू म्हणतो, शेजारच्या आजींना नाही.

उरलेलं अर्ध पातेलं मी सोबत नेलं होतं. त्यांनी चमचाभर चाखलं, चेहरा हलू दिला नाही आणि विचारलं, “उकळलंस?”

“दहा मिनिटं.”

“बिचारी वाइन,” एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी मला ओट्याशी उभं केलं. आधी बाटलीची चौकशी. लाकडात मुरलेली, दमदार वाइन यासाठी घ्यायचीच नाही. ती गरम झाली की तिचा तुरटपणा वर येतो आणि जे पैसे आपण त्या लाकडाच्या वासासाठी मोजले ते दालचिनीखाली गाडले जातात. हलकी, फळाच्या चवीची, कोरडी तांबडी घ्यायची. आमच्या भागात त्यासाठी ट्रोलिंगर नाहीतर लेम्बर्गर. ट्रोलिंगर एकटी घेतली तर रंगाला फिकी पडते, मग गडद रंगासाठी त्या थोडी डॉर्नफेल्डर मिसळतात. ही डॉर्नफेल्डर जात इथून हाकेच्या अंतरावर वाइन्सबर्गला १९५५ साली संकरातून तयार झाली. हे सांगताना आजींचा सूर माहेरची गोष्ट सांगावी तसा होता.

पुढचा मसाला सगळा अख्खा. पूड नावालासुद्धा नाही. माझ्या डब्यातली जाड सालीची दालचिनी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. ती कॅशिया, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि जास्त पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. त्यावरून २००६ साली इथल्या सरकारी संस्थेनं नाताळाच्या दालचिनी बिस्किटांबद्दल इशारा दिला होता, तेव्हापासून आजी सिलोनची दालचिनीच आणतात. विडीसारखी गुंडाळलेली, बोटानं चुरडेल इतकी पातळ. लवंग चिमटीनं नाही घालायची, मोजून घालायची: लिटरला पाच. “सहावी घातलीस तर दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं.” बाद्यानाचं एक फूल. साखर साठ-सत्तर ग्रॅम, बाकीची पिणाऱ्याला हवी तर.

संत्र्याचं मात्र त्यांनी बराच वेळ घेतलं. फळ पिशवीतून काढण्याआधी चिठ्ठी वाचायची. ‘साल खाण्यासाठी नाही’ असं लिहिलेलं असेल तर ते संत्रं सोलून खाऊन टाकायचं, कारण त्याच्या सालीवर मेण आणि बुरशीची औषधं असतात. मग बटाटे सोलायच्या सोलाण्यानं वरचा केशरी पापुद्रा तेवढा काढायचा. त्यांनी एक पट्टी काढून उजेडात धरली, पाठीमागे पांढरा गर राहिला होता तो सुरीच्या पाठीनं खरवडला, पुन्हा धरून पाहिली. “तुझा कडवटपणा निम्मा इथून आला.” मी सालीसकट चकत्या दहा मिनिटं शिजवल्या होत्या!

“तमालपत्र घालू का?” मी माझा डबा पुढे करून विचारलं.

“तमालपत्र कोबीत,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर इकडच्या लॉरेल झाडाचं पान होतं, माझ्या डब्यात आपलं. पण कोबीत म्हणून हसण्यावारी नेऊ नये. रोमन लोक वाइनमध्ये मध, मिरी, केशर, खजुराच्या भाजलेल्या बिया आणि ‘मलाबाथ्रम’ नावाचं पान घालत, आणि ते मलाबाथ्रम म्हणजे आपल्या तमालपत्र शब्दाचंच समुद्र ओलांडून गेलेलं रूप. मिरी तर मलबारच्या किनाऱ्यावरूनच जायची. आजींना हे मी सांगितलं. त्यांनी पान हातात घेतलं, चुरगळून वास घेतला, “छान आहे” म्हणाल्या आणि कोबीच्या बाजूला ठेवून दिलं.

मग गॅस. सगळ्यात लहान शेगडी, सगळ्यात मंद आच. पातेल्यावर झाकण नाही, कारण बघत राहायचंय. पाच-सात मिनिटांत वाइनच्या अंगावरून वाफ रांगायला लागली. मग पातेल्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चिकटले, सुटले नाहीत, नुसते चिकटले. आणि मग पांढरट फेसाची बारीक रेघ कडेनं फिरली.

“आता,” म्हणून त्यांनी गॅस बंद केला.

“झालं?”

“ही शिजवायची नसते, फक्त गरम करायची.” वर एक ताटली टाकली आणि आम्ही अर्धा तास गप्पा मारत बसलो. मसाला त्या अर्ध्या तासात, आच नसताना उतरतो. नंतर गाळून पुन्हा नुसती प्यायच्या बेताची गरम करायची.

घरी आल्यावर नवऱ्यानं त्यामागचं शास्त्र काढलं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. वाइन मात्र पाण्याबरोबरचं मिश्रण असल्यानं तिला खरी उकळी नव्वदीच्या आसपास फुटते. म्हणून आपण उकळीची वाट बघत बसलो तर तोवर वाफेबरोबर अल्कोहोल आणि त्याच्याआधी सुवास निघून चाललेले असतात. मागे राहते साखर, आंबटपणा आणि शिजलेल्या फळाची चव. म्हणून सत्तर ते पंचाहत्तर. आजींच्या फेसाच्या रेघेत त्यानं नवा थर्मामीटर बुडवला तर काटा ७२ वर होता. त्या थर्मामीटरशिवाय साठ वर्षं ७२ वर थांबत आल्यात.

त्या अर्ध्या तासाच्या गप्पांत द्राक्षं निघाली. त्यांची बाग वर्षातून एकदा, भर हिवाळ्यात छाटतात. मी म्हटलं, आमच्याकडे दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यांना पटेना. दोनदा छाटल्यावर वेल झोपते कधी? मी म्हटलं, आमच्याकडे बर्फ नाही, ती आपण होऊन झोपतच नाही. तिला कात्रीनंच सांगावं लागतं. एप्रिलनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरनंतर त्या काडीवर माल धरतो आणि जानेवारीपासून काढणी. त्या बराच वेळ खिडकीतून उतारावरच्या उघड्या वेलींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तुझे वडील सुट्टी कधी घेतात?”

घेत नाहीत.

एका लिटरचं जमलं. पण बाजाराला साठ लिटर हवी होती. कपात ०.२ लिटरची खूण असते, तिथपर्यंत भरायचं, म्हणजे तीनशे कप. वाइन मुलीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी दिली, त्यांची स्वतःची बाग आहे. लिटरच्या बाटल्या, सहा-सहाच्या दहा पेट्या. इकडे रोजच्या पिण्याची वाइन लिटरच्या बाटलीत भरायची पद्धत आहे. पाऊण लिटरची बाटली म्हणजे पाहुणे येणार. देताना त्यांनी एक ताकीदही दिली. पाणी घालायचं नाही, थोडंसुद्धा. युरोपच्या कायद्यात ग्ल्यूवाइनची व्याख्याच आहे: नुसत्या वाइनपासून केलेली, मुख्य स्वाद दालचिनीचा किंवा लवंगेचा, अल्कोहोल किमान ७ टक्के आणि १४.५ च्या खाली, पाणी वर्ज्य. घरी काय हवं ते करा, पण पाटीवर ‘ग्ल्यूवाइन’ लिहून पाण्याचा पाक ओतला तर ती पाटी खोटी. आपल्याकडे दुधाच्या बाबतीत एवढं काटेकोर पाळलं गेलं असतं तर किती बरं झालं असतं.

तीनशे कपांचा मसाला बाजारात भांड्यात टाकून बसणं शक्य नव्हतं, तोटीत लवंगा अडकल्या असत्या. म्हणून आदल्या रात्री अर्क केला. सहा लिटर वाइनमध्ये साठ लिटरचा मसाला, साठ लिटरची साखर. चार किलो साखर एका पातेल्यात पडताना बघून मलाच कसंतरी झालं. लवंगा हिशोबानं तीनशे निघत होत्या. आजींनी दोनशेवर थांबवलं. मसाला दहापट झाला की लवंग वीसपट बोलते, असं त्यांचं म्हणणं. चाळीस संत्र्यांच्या साली आम्ही दोघी आणि माझी मुलगी अशा तिघींनी काढल्या; सोललेली संत्री नंतर आठवडाभर घरातल्या सगळ्यांना सक्तीची होती. साखर विरघळेपर्यंत, फेसाची रेघ येईपर्यंत गरम केलं, झाकलं आणि बाल्कनीत ठेवलं. बाहेर एक अंश होतं. फ्रिजची गरज नव्हती. सकाळी फडक्यातून गाळलं. स्वच्छ, काळपट तांबडं. हिशोब सोपा: दर नऊ बाटल्यांना एक लिटर अर्क.

शनिवारी दुपारी पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. टपरीत दोन भांडी होती, जॅम-फळं टिकवायला इथे घरोघरी असतात ती विजेवरची इनॅमलची पिंपं. प्रत्येकी सत्तावीस लिटरची, खाली तोटी, पुढे तापमानाची चकती. गावाच्या कचेरीनं दिलेला दारूविक्रीचा तात्पुरता परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लावला. वयाची पाटी शेजारी: वाइन सोळापासून, रम घातलेली अठरापासून. मुलांसाठी वेगळ्या थर्मासात किंडरपुन्श, म्हणजे सफरचंद आणि इतर फळांच्या रसाची बिनदारूची मसालेदार बहीण. कपाला तीन युरो अनामत, कप परत केला की परत.

आता माझी चूक. दोन्ही पिंपं भरली, दोन्ही चकत्या ७५ वर फिरवल्या. प्रत्येक पिंप दोन हजार वॉटचं. टपरीला आलेली वायर सोळा अँपिअरची, म्हणजे कसंबसं ३६८० वॉट. शाळेत शिकले होते, अगदी बोर्डाच्या पेपरात सोडवलं होतं, पण ते गणित असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. दुसरं पिंप लावलं आणि आमच्यासकट शेजारच्या वॉफलवालीचे दिवे गेले. तिच्या साच्यात अर्धं कच्चं पीठ तसंच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही, ते जास्त वाईट.

इलेक्ट्रिशियन असलेले एक बाबा आले. त्यांनी आधी गुंडाळलेली वायर चक्रीवरून पूर्ण मोकळी करायला लावली, गुंडाळलेल्या वायरीतून एवढी वीज गेली की ती तापते म्हणून. मग फ्यूज वर केला आणि नियम सांगितला: एक पिंप तापत असेल तेव्हा दुसरं बंद, ते तापलं की दुसरं. बरोबर होतं, पण पंचवीस लिटर गार वाइन तापायला तास लागतो, आणि चौकात माणसं जमायला लागली होती. पहिल्या पिंपातली वाइन दीड तासात संपली. दुसऱ्यात मी हुशारीनं आठच लिटर ठेवली, बाकीची परत बाटल्यांत ओतली, म्हणजे लवकर तापेल. आणि आणखी हुशारीनं चकती शेवटपर्यंत फिरवली.

तेवढ्यात एक मुलगा आला. हेल्मेट हातात, ओठांवर फुटलेली मिसरूड, खिशात हात. रम घालून एक. मी वय विचारलं. अठरा, म्हणाला. ओळखपत्र मागितलं. ते घरी राहिलं होतं. माझ्या मागे कप विसळणारी बाई म्हणाली, हा आमच्या गल्लीतला, ऑगस्टमध्ये सतरा झाला. मी त्याला साधी ग्ल्यूवाइन देऊ शकत होते, पण बाहेर त्याची मोपेड उभी होती. इथे एकवीस वर्षांखालच्याला गाडी चालवायची असेल तर एक थेंबही चालत नाही. त्याला हे सगळं माझ्या जर्मनमध्ये, रांगेसमोर, त्याला कमीपणा न येता समजावण्यात माझी काही मिनिटं गेली. शेवटी त्यानं किंडरपुन्श घेतला आणि तो आईसाठी असल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मी वळले तर पिंपाचं झाकण नाचत होतं.

तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा, सुखाचा. खळखळ. झाकण उचललं तर पूर्ण उकळी, मधोमध कारंजं, आणि तोंडावर आलेल्या वाफेत त्या रात्रीचा सगळा वास. थर्मामीटर माझ्या एप्रनच्या खिशात होता. चाखून पाहिली. पहिल्या दिवशीच्या पातेल्याची सख्खी बहीण.

विकता आली असती. रम घातली असती तर निम्म्या लोकांना कळलंही नसतं. पण आजी रांगेत चौथ्या उभ्या होत्या, लोकरीची टोपी कानांवर ओढून. त्यांना मी गुपचूप चमच्यानं चाखवली. त्या नेहमीसारख्या काही बोलल्या नाहीत. तोटीखालून माझं कपांचं ताट बाजूला सरकवलं, मागच्या बाजूची रिकामी बादली दाखवली आणि म्हणाल्या, “यात ओत. झाकण लाव. फेकू नको.”

बाकीच्या वाइनचं मी पुढचे तीन तास लहान मूल सांभाळावं तसं केलं. दहा-दहा लिटर, चकती ७५ वर, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. रांग थांबली तर थांबली. वॉफलवालीनं अंधार पडल्यावर एक वॉफल आणून दिलं, त्यावरून माफी झाली असं मी धरलं. आठ वाजता हिशोब केला तर साठातली बावन्न लिटर गेली होती, अडीचशेच्या वर कप. अकरा कप मात्र परत आले नाहीत; लोक आठवण म्हणून घरी नेतात आणि अनामत सोडून देतात. म्हणजे तेही विकलेच म्हणायचे.

रविवारी सकाळी मी जेलीची साखर शोधत गावभर फिरले. रविवारी इथे दुकानं बंद असतात, मग पालकांच्या ग्रुपवरच हात पसरला. दुपारपर्यंत दारात आठ पाकिटं जमली, अर्धा-अर्धा किलोची. ही साखर पेक्टिनवाली. लिटरला एक पाकीट, म्हणजे फळांचा रस घट्ट होऊन जेली होते. आजींनी माळ्यावरून धुऊन ठेवलेल्या रिकाम्या बरण्या काढल्या. मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी जमिनीवर पालथ्या पडून लेबलं रंगवत होत्या. एकीनं ‘ग्ल्यूवाइन जेली, फक्त मोठ्यांसाठी’ लिहिलं आणि खाली कवटी काढली. कवटी खोडायला लावली.

दोन-दोन लिटरचे चार घाणे काढायचे ठरले. बादलीतली वाइन पातेल्यात ओतली, साखर घातली, ढवळलं. पाकिटावर लिहिलं होतं: खळखळून उकळी आल्यावर चार मिनिटं, सतत ढवळत. मी आजींकडे बघितलं.

“आता उकळू दे,” त्या म्हणाल्या. “मोठी आच.”

त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि डाव फिरवत राहिले. तांबडं मिश्रण वर चढलं, फसफसलं, मधून फुटलं आणि सगळ्या ओट्यावर खळखळ ऐकू यायला लागली. आईनं चष्मा लावून फोनजवळ तोंड आणलं.

“हां,” ती म्हणाली, “आत्ता दिसतंय काहीतरी शिजतंय ते.”